वरच्या कुरणातलं बोलणं

परवा शेजारच्या अंगणातून रॉकेलचा वास आला. लंडनच्या कडेला, स्टॅनमोरमधल्या आमच्या गल्लीत या वासाचं तसं काही काम नाही. इथे वास येतात ते कापलेल्या हिरवळीचे, कुणाच्या तरी बार्बेक्यूचे, आणि दिवाळीच्या सुमाराला आमच्याच स्वयंपाकघरातल्या तळणीचे. शेजारचे गृहस्थ त्यांच्या वडिलांच्या पश्चात बागेतली शेड रिकामी करत होते. एक गंजलेला जुना हीटर बाहेर ओढताना त्याच्या पोटात राहिलेलं रॉकेल फरशीवर सांडलं होतं. माझ्या वयाच्या मराठी माणसाला त्या वासानं पितळी स्टोव्ह आठवावा, पिन करणारी आई आठवावी, रेशनच्या दुकानापुढे मांडलेले डबे आठवावेत. मला आठवला बर्फ. एप्रिल महिन्यातला, ओला, जड, बुटांना लोंबकळणारा बर्फ, आणि त्यावर हळूहळू पसरत जाणारा एक मळकट डाग. मी खिडकी लावून घेतली, पण वास आत येऊन बसला होता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान यॉर्कशायरच्या उत्तरेकडच्या एका बाजाराच्या गावी, लहानशा हॉस्पिटलात डॉक्टर होते. गावात मनासारखं घर मिळेना म्हणून आम्ही डोंगराच्या कुशीतलं एका शेतावरचं दगडी कॉटेज भाड्यानं घेतलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पुण्याच्या पेठेत वाढलेली मी, खिडकीबाहेर माणूस दिसलं नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं. आणि इथे खिडकीबाहेर होती फक्त मेंढरं, वाऱ्यानं एका बाजूला कललेली चार झाडं, आणि डोंगरावर चढत गेलेले दगडी गडगे. कोकणात असतात तसेच, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. हिवाळ्यात दुपारी तिनालाच उजेड आटायला लागे. मग तो सगळा डोंगर आपल्या अंगावर सरकत येतोय असं वाटे, आणि मी उगीचच रेडिओ मोठा करून ठेवी.

शेताचा मालक पासष्टी ओलांडलेला, विधुर. अंगणाच्या पलीकडच्या मोठ्या घरात एकटाच राही. उंच, वाकलेला, बोलण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. मुलं नव्हती. मेंढ्यांचा कळप, एक कुत्री, आणि शेडमध्ये तीन जुने ट्रॅक्टर, एवढा त्याचा संसार. त्यातला एक तर केवळ सुट्या भागांसाठी उभा करून ठेवलेला होता. दुसरा निळा, धिप्पाड, थंडीत हमखास रुसणारा. तिसरा करडा, बुटका, लढाईनंतरच्या काळातला. त्याला ना टप, ना दरवाजा. पत्र्याच्या बशीसारखं एक सीट आणि दोन बाजूंना चाकांवरचे गोल पत्रे. हा करडा मात्र त्याचा जीव की प्राण. सकाळी पेट्रोलवर तो सुरू करायचा, इंजिन चांगलं तापलं की एक तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायचा. मग शेडमधून पांढुरका धूर निघे आणि तो वास आमच्या दारापर्यंत येई. त्या मुलखात मला ओळखीची वाटलेली ती पहिली गोष्ट.

त्या वर्षी दिवाळीआधी सासूबाई गेल्या. दिवस झाल्यावर माझे यजमान माझ्या सासऱ्यांना बरोबरच घेऊन आले. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. बाबा नगरला बसगाड्यांच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. हाताच्या रेघांत ग्रीस मुरलेलं, कितीही धुतलं तरी न निघणारं. त्यांच्या मुलाचा बेत सरळ होता: आता बाबांनी एकटं राहायचं नाही, इथेच राहायचं. बाबांचं म्हणणं त्याहून सरळ होतं: पावसाळ्याआधी परत जायचं. परतीचं तिकीट त्यांनी स्वतःच्या पाकिटात, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवलेलं होतं. या विषयावर बापलेकांत भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दोघंही जेवताना ताटाकडे बघत आणि आमटी छान झाली आहे असं मला सांगत. मधल्या त्या शांततेत मी पोळ्या वाढत राही.

पहिले काही आठवडे बाबा खिडकीशी बसून असत. कानटोपी, मफलर, त्यावर शाल, आणि नजर त्या ओल्या डोंगरावर. सासूबाईंचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. मी विषय काढायला गेले की उठून पाणी प्यायला जात. मग एका सकाळी अंगणात तो करडा ट्रॅक्टर सुरू होता होईना. मालक हँडल मारून थकला. बाबा खिडकीतून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी शाल बाजूला ठेवली, माझ्या यजमानांचे गमबूट चढवले आणि मला म्हणाले, "सूनबाई, चल जरा. त्यांना विचार, प्लग काढून बघू का म्हणून."

त्या दिवसापासून बाबांना खिडकी लागली नाही. सकाळचा चहा झाला की ते शेडमध्ये. ट्रॅक्टर रॉकेलवर चालतो हे कळल्यावर तर त्यांना इतका आनंद झाला की मालकाच्या पाठीवर त्यांनी चक्क थाप मारली. सुरुवातीला मी दोघांच्या मध्ये उभी राहून भाषांतर करी. हातात वेलदोड्याच्या चहाचे कप, नाकाचा शेंडा बधिर, आणि "कार्ब्युरेटरचा तरंगता गोळा अडकतोय" हे यॉर्कशायरी कानाला समजेल अशा इंग्रजीत कसं सांगायचं या विवंचनेत मी. मग माझ्या लक्षात आलं की मी वाक्य जुळवेपर्यंत दोघांनी मिळून तो गोळा बाहेर काढलेला असतो. मी त्यांना बाबा म्हणते हे ऐकून मालकानं तेच त्यांचं नाव समजून घेतलं. आणि बाबा त्याला पाटील म्हणू लागले. एवढी जमीन, एवढी मेंढरं, मग दुसरं काय म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. मालकाला त्या शब्दाचा अर्थ मी सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याची टोपी ब्रश केलेली दिसली.

मार्च उलटला. गडग्यांच्या कडेनं डॅफोडिल्स आली, मेंढ्या व्यायला लागल्या. ज्यांनी हे दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको की कोकरांच्या त्या चिरक्या, तक्रारखोर आवाजांनी डोंगर कसा भरून जातो. रात्री मेंढ्यांपाशी जागून मालकाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पण थंडी सरली या समजुतीनं आम्ही जाड कोट पेटीत टाकले होते. तिथले जुने लोक मात्र एप्रिल संपेपर्यंत कोट आत ठेवत नाहीत. उशिरा पडणाऱ्या त्या बर्फाला ते कोकरांचा बर्फ म्हणतात. त्यात कौतुक नसतं. नेमकी कोकरं उघड्यावर असताना तो येतो, म्हणून ते नाव.

त्या वर्षी तो बर्फ एका शनिवारी सकाळी आला. माझ्या यजमानांची वीकेंडची ड्यूटी होती, ते आदल्या दिवशीच गावात गेले होते. न्याहारीच्या वेळी पाऊस होता, मग पावसात पांढरं मिसळलं, आणि बशा विसळून होईतो डोंगर दिसेनासा झाला. डिसेंबरातला बर्फ भुरभुरता, हलका असतो. हा ओल्या पिठाच्या गोळ्यांसारखा पडत होता आणि वारा त्याला गडग्यांकडे लोटत होता. वारा आला की मेंढ्या आडोशाला गडग्यापाशी जाऊन उभ्या राहतात. बर्फही तिथेच साठतो, आणि उभ्याच्या उभ्या त्या पुरल्या जातात. वरच्या कुरणात मालकाच्या बऱ्याच मेंढ्या होत्या, काही नुकत्याच व्यायलेल्या.

मालकानं करडा ट्रॅक्टर काढला. मागच्या लोखंडी पेटीत गवताचे गठ्ठे, फावडं आणि कुत्री. बाबा कानटोपी घालून अंगणात तयार उभे होते, पण सीट एकाच माणसाचं. मालकानं त्यांना हातानंच थांबवलं, आणि मला म्हणाला की मेंढ्या खालच्या कुरणात आणून सोडतो, जेवायच्या वेळेपर्यंत परत येतो, बाबांना आत शेकोटीपाशी बसव. ट्रॅक्टर फाटकातून गेला आणि पाहता पाहता पांढऱ्यात विरघळला. आवाज मात्र येत राहिला. चढाला लागला तसा तो जाड झाला, वळणावर बारीक झाला, पुन्हा जाड झाला.

बाबा काही शेकोटीपाशी बसले नाहीत. दार किलकिलं करून ऐकत राहिले. मी खिचडी टाकली होती. कुकरची शिट्टी होईल म्हणून त्यांनी मला गॅस बंद करायला लावला. आणि मग तो आवाज थांबला. मी म्हटलं, पोचले वाटतं. बाबांनी मान हलवली. "बंद केला तर असा बंद होत नाही," ते म्हणाले. "हा मध्येच गुदमरला."

आम्ही थांबलो. वारा तेवढा ऐकू येत होता. मी टेलिफोन उचलला तर त्यात काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा. तार कुठेतरी बर्फाच्या भारानं तुटली असणार. बाबा तोवर शेडमध्ये गेले होते. निळ्या ट्रॅक्टरची बॅटरी त्या थंडीत मेलेली. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तो नाद सोडला, भिंतीवरचं दुसरं फावडं खाली घेतलं आणि चालायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही. थांबले असते असंही नाही.

चाकांच्या खुणा बुजत चालल्या होत्या, पण अजून दिसत होत्या. त्या धरून आम्ही चढलो. बाबा पुढे, मी मागे, यजमानांच्या गमबुटांत दोन मोज्यांवर दोन मोजे घालून. डोळे उघडे ठेवले की बर्फ आत जाई, मिटले की पाय चुके. बाबांच्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत होतं. जिना उतरतानाही ते कठडा धरत. त्या चढावर धरायला फावड्याच्या दांड्याशिवाय काही नव्हतं. मला कुत्रीचं भुंकणं आधी ऐकू आलं, आणि बाबांना वास आला. "रॉकेल," ते म्हणाले.

वरच्या कुरणाच्या फाटकाजवळ, उतार जिथे गडग्याकडे झुकतो तिथे, ट्रॅक्टर कुशीवर पडला होता. वरचं मागचं चाक आभाळाकडे. मालक त्याच्या बाजूला बर्फात अर्धा रुतलेला, पाठीवर. चाकावरच्या पत्र्याखाली त्याचा एक पाय मांडीपर्यंत दिसेनासा झाला होता. टाकीतून रॉकेल गळत होतं आणि बर्फात पिवळट खळगा करत त्याच्या कोटाकडे येत होतं. मऊ बर्फ खाली होता म्हणून पाय चिरडून निघाला नव्हता, हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसला तो फक्त त्याचा चेहरा, टोपीशिवाय, पांढरा, आणि पहिल्यांदाच लक्षात आलेलं टक्कल.

तो शुद्धीवर होता. पहिलं वाक्य तो बोलला ते मेंढ्यांबद्दल. त्या गडग्यापाशी आहेत, फाटक उघडलं तर कुत्री त्यांना खाली नेईल, असं त्यानं मला सांगितलं. मी जाऊन फाटक उघडलं. बर्फात ते अडकत होतं, मी खांदा लावून ढकललं. कुत्री मालकाकडे बघत उभी राहिली. त्यानं बारीकशी शीळ घातली तेव्हा ती गेली, आणि मेंढ्यांची एक करडी, अडखळती रांग आमच्या बाजूनं खाली उतरायला लागली. कोकरं पोटापर्यंत बर्फात बुडत होती.

बाबांनी तोवर तोटी बंद केली होती. मग गुडघ्यांवर बसून ते ट्रॅक्टरखाली बघत राहिले. मी म्हटलं, खणू या, पाय मोकळा करू. ते म्हणाले, खणायचं नाही. ट्रॅक्टर एका दगडावर टेकला होता. खालचा बर्फ काढला तर तो अजून घसरणार आणि त्याच्याखाली आख्खा माणूस जाणार. त्यांनी गडग्यातले दगड काढायला सुरुवात केली. मी वाहून आणायची, ते चाकाच्या नि पत्र्याच्या खाली खुपसायचे, फावड्याच्या पाठीनं ठोकायचे. हातमोजे भिजून टणक झाले, मग त्यांनी ते काढूनच टाकले. एकदा ट्रॅक्टर जागच्या जागी हलला. करकरला आणि थांबला. ती करकर अजून, लिफ्टला नुसता हिसका बसला तरी मला ऐकू येते.

दगड बसले. पण उचलायला जॅक पाहिजे, फळ्या पाहिजेत, चार माणसं पाहिजेत. सर्वांत जवळचं शेत डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, मोठ्या रस्त्यावर. तिथलं जोडपं माझ्या ओळखीचं होतं. अंडी मी त्यांच्याकडूनच आणत असे. तिथवर कुणीतरी जायला हवं होतं, आणि ते कुणी हे उघड होतं. तरी माझा पाय निघेना. त्या दोन म्हाताऱ्यांना तिथे सोडून गेले तर परत येईपर्यंत काय बघावं लागेल, हे मला मनातून दिसत होतं.

मालकाला माझी घालमेल कळली असावी. त्यानं मला जवळ बोलावलं. ओठ नीट हलत नव्हते. "त्याला घेऊन खाली जा," तो म्हणाला. "इथे दोघांनी मरायचं काही कारण नाही. सांग त्याला."

मी आजवर त्या दोघांमध्ये कितीतरी वाक्यं इकडची तिकडे केली होती. काही सोयीनं गाळलीही होती. हे वाक्य मी जसंच्या तसं बाबांना सांगितलं. बाबा आपला कोट काढून त्याच्या अंगावर पसरत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"त्यांना म्हणावं, माझं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे."

ते मी सांगितलं. मालकाच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं की कळ होती, कोण जाणे. बाबा पेटीतले गवताचे गठ्ठे सोडून ते गवत त्याच्या अंगाभोवती खोचायला लागले. मी म्हटलं, बाबा, त्यांना झोप लागू देऊ नका, पण तुम्हाला तर त्यांच्याशी बोलता येत नाही. "येतं," ते म्हणाले. "तू नीघ."

गडग्यावर हात ठेवून मी निघाले. तो दगड हाताखाली असेपर्यंत वाट चुकणार नव्हती. पण मध्ये मध्ये बर्फ गडग्याच्या डोक्यावरून गेलेला असे आणि मग हाताला काही लागत नसे. तिथे मी बसून, सरपटत पुढे गेले. एका जागी कंबरेपर्यंत रुतले आणि एक बूट आतच राहिला. हात घालून तो शोधताना मला रडू आलं, रागाचं. कुणावरचा राग ते सांगता येणार नाही. एप्रिलवर, त्या मेंढ्यांवर, ताटाकडे बघत जेवणाऱ्या बापलेकांवर. बूट सापडला. डोंगराचा माथा कधी ओलांडला ते कळलं नाही. उतार पायांना लागला तेवढाच.

पलीकडच्या शेतावर त्या बाईनं दार उघडलं आणि मला बघून काही विचारण्याआधी नवऱ्याला हाक मारली. मी काय सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं, आठवत नाही. तिच्याकडचा टेलिफोन चालू होता. ती बोलेपर्यंत तिच्या नवऱ्यानं आणि त्याच्या भावानं आपला मोठा, बंद केबिनचा ट्रॅक्टर काढला. जॅक, ओंडके, शिडी, घोंगड्या. मी बरोबर येणार म्हटल्यावर त्यानं नको म्हटलं नाही. वाट मलाच माहीत होती.

पण वाट उरलीच नव्हती. मी आले त्या माझ्या खुणाही पुसल्या होत्या. केबिनच्या काचेवर वायपर फिरत होते आणि त्यांच्या पलीकडे सगळं एकसारखं पांढरं. गडगा डाव्या हाताला ठेवून आम्ही पुढे सरकलो, मग गडगाही सापडेना. इथेच कुठेतरी, मी म्हणत होते, इथेच. त्या माणसानं शेवटी इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. ऐकू या, म्हणाला.

आधी नुसता वारा. मग वाऱ्यातून तुटक तुटक, घसा खरवडून ओरडल्यासारखा एक आवाज आला.

"सुपे! सुपे झालं. पुढं शिरूर! पाटील, बोला, शिरूर!"

आणि त्याच्या मागून, अगदी क्षीण, वेडावाकडा उच्चार: "शिरूर."

बाबा त्याला नगर-पुणे गाडीत बसवून निघाले होते. वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेल्या गाड्या चाचणीला घेऊन आयुष्यभर त्या रस्त्यावर गेलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार? रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली. त्या गावांच्या नावांवर कान ठेवून आम्ही बर्फातून चालत गेलो. बाबा मालकाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. स्वतःची कानटोपी त्याच्या डोक्यावर, अंगात फक्त स्वेटर, आणि तो बर्फानं इतका माखलेला की गवतातून नुसता आवाजच निघतोय असं वाटावं. मला बघून ते म्हणाले, "आलीस?" आणि एवढं म्हटल्यावर त्यांचे दात वाजायला लागले, ते थांबेनात.

दगडांवर ओंडके, ओंडक्यांवर जॅक, आणि बोटभर बोटभर करत ट्रॅक्टर उचलला गेला. मालकाला बाहेर ओढलं तेव्हा तो एकदाच ओरडला. शिडीवर बांधून त्याला खाली नेलं. मोठ्या रस्त्यावर बर्फ बाजूला सारणारी गाडी आणि तिच्या मागून अॅम्ब्युलन्स येऊन थांबली होती. आम्हालाही त्यांनी आतच बसवलं.

हॉस्पिटलच्या दारात माझे यजमान उभे होते. कोणीतरी जखमी शेतकरी येतोय एवढंच त्यांना कळलेलं. मालकाला ते आत घेऊन गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. बाबा बाकावर घोंगडीत गुंडाळून बसले होते, हातांची बोटं मेणासारखी पांढरी. माझ्या मनात आलं, आता हे रागावणार. एवढ्या वयात, एवढ्या थंडीत, काय गरज होती, असं सगळं. ते मात्र बापाच्या पुढ्यात जमिनीवर बसले, त्यांचे बूट काढले, ओले मोजे काढले, आणि ते पाय आपल्या पोटाशी धरून बसून राहिले. कॉरिडॉरमधून नर्स जात होत्या, येत होत्या. बाबांनी खूप वेळानं एक हात मुलाच्या डोक्यावर ठेवला. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून तळवा ठेवला.

मालकाचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. तो वाचला, पण गुडघा कायमचा ताठ राहिला. बाबांच्या दोन बोटांची टोकं नंतर बधिरच राहिली. वरच्या कुरणातल्या काही मेंढ्या आधीच बर्फाखाली गेल्या होत्या, बाकीच्या जगल्या. खाली आलेल्या कोकरांना त्या वसंतात बाबांनी आणि मी बाटलीनं दूध पाजलं. तिकीट पुढे ढकललं गेलं, कुणी सुचवल्याशिवाय. मालक काठी घेऊन अंगणात यायला लागला, करडा ट्रॅक्टर पुन्हा धूर सोडायला लागला, आणि मग ऑगस्टात बाबा नगरला गेले. त्यांच्या मुलानं त्यांना राहा म्हटलं नाही, आणि ते जातो म्हणताना ताटाकडे बघत नव्हते. पुढची पाचसहा वर्षं ते तिथे त्यांच्या मनासारखे जगले. गेले तेव्हा आम्ही स्टॅनमोरला आलेलो होतो, माझ्या यजमानांची नोकरी लंडनकडे आली होती.

मालकाला कळवायला मी फोन केला. तोवर त्यानं मेंढ्या विकल्या होत्या. बाबा गेल्याचं मी सांगितलं. मग तो म्हणाला की त्या दिवशी तू गेल्यावर बाबानं मला एक मोठी गोष्ट सांगितली. एक शब्द कळला नाही, पण ती त्याच्या बायकोची होती. मी विचारलं, कसं समजलं? तो म्हणाला, मग मीही माझ्या बायकोची सांगितली, आणि ते त्याला समजलं. गावांची नावं त्यानंतरची. दोघांचं सांगून संपलं होतं म्हणून.

फोन ठेवायच्या आधी त्यानं विचारलं, "आहे ना म्हणजे काय? मी डोळे मिटले की तो तेवढंच म्हणायचा. पाटील, आहे ना, आहे ना."

मी म्हटलं, तू आहेस ना, असं विचारत होते.

"तसंच वाटलं मला," तो म्हणाला. "मी आय म्हणत होतो."

त्यांच्या मुलखात होकाराला आय म्हणतात. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन बसले. बाबांनी सासूबाईंबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही, मुलापाशी नाही, माझ्यापाशी नाही. जे काही होतं ते त्यांनी त्या उतारावर, एक अक्षरही न कळणाऱ्या माणसाला सांगून टाकलं, आणि ते त्या माणसाबरोबरच राहिलं. आता तोही नाही. शेत दुसऱ्या कुणाचं आहे, आमच्या कॉटेजमध्ये सुट्टीला लोक येऊन राहतात असं ऐकते. सासूबाईंची ती गोष्ट काय होती हे आता जगात कुणालाच माहीत नाही. पूर्वी याची मला हळहळ वाटायची. वय वाढत गेलं तसं वाटायला लागलं, सांगणाऱ्यानं ती पूर्ण सांगितली होती, ऐकणाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकली होती. आणखी कुणाला ती माहीत असायला हवी होती, असं काही नाही.